घर वेगळं झालं, आता खर्चाचं काय? सातारा-सांगलीतील एकट्या आईसाठी पैशांची आणि हक्कांची माहिती

तलाक, खुला किंवा नुसतंच "मी माहेरी आलेय, पुढचं बघू". मुलं घेऊन वेगळं राहायची वेळ आली की पहिला धक्का मनाला बसतो आणि दुसरा पैशाला. पहिल्या महिन्यात भाऊ, अब्बा, खाला सगळे मदत करतात. तिसऱ्या महिन्यात शाळेची फी येते, बचत गटाचा हप्ता येतो आणि विचारायला लाज वाटू लागते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या अशा भगिनींसाठी आणि त्यांना आधार देणाऱ्या घरच्यांसाठी आम्ही ही माहिती एकत्र केली आहे. लेख जपून ठेवा, गरज असेल तिला द्या.

आपल्या भागात हा प्रश्न नवा नाही. 1980 च्या दशकात इंदुताई पाटणकर आणि गेल ऑम्वेट यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून याच पट्ट्यात टाकलेल्या बायकांचा, म्हणजे परित्यक्तांचा, प्रश्न उचलला होता. नवऱ्याच्या रेशनकार्डावर नाव, आणि नवऱ्यानेच घराबाहेर काढलेलं. मग धान्य कुणाचं? आज कायदे वाढलेत, योजना वाढल्यात. पण सुरुवात अजूनही तिथूनच होते: आपल्या नावाचा कागद.

पहिले पंधरा दिवस: कागद गोळा करा

भांडणात कपडे आणि भांडी आठवतात, कागद मागे राहतात. हे कागद किंवा त्यांच्या प्रती मिळवा:

- निकाहनामा. हरवला असेल तर निकाह लावणाऱ्या काझींकडे किंवा जमातीच्या दप्तरात नोंद असते, तिथून नक्कल घ्या.
- स्वतःचं आणि मुलांचं आधारकार्ड, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे बोनाफाईड.
- रेशनकार्डाची प्रत, बँकेची पासबुकं, विम्याच्या पावत्या.
- तुमचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला. महाराष्ट्रातला रहिवास सिद्ध करायला तो फार उपयोगी पडतो.
- सासरच्या बाजूचा, म्हणजे मुलांच्या वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा दाखला. जमात ओबीसी यादीत असेल तर उद्या मुलांचा जातीचा दाखला काढताना तो मागतात. संबंध पुरते तुटायच्या आधी त्याची प्रत मिळाली तर बरं.
- नवऱ्याच्या कमाईचा जो मिळेल तो पुरावा: पगारपत्रक, दुकानाचा फोटो, गाडीचा नंबर, सातबारा, परदेशात असेल तर पैसे पाठवल्याच्या नोंदी.
- लग्नात माहेरून आणि सासरकडून मिळालेल्या दागिन्यांची व सामानाची यादी, पावत्या, फोटो.

आधार आणि बँक खात्याला जोडलेला मोबाईल नंबर नवऱ्याचा असेल तर तो आधी बदला. नाहीतर योजनेचे पैसे जमा झाल्याचा मेसेज आणि ओटीपी त्याच्याकडे जात राहतो. खातं संयुक्त असेल तर फक्त स्वतःच्या नावाचं नवीन खातं उघडा आणि आधार त्याच खात्याला जोडून घ्या. मुलांच्या नावाचं खातं आई पालक म्हणून उघडू शकते.

सही करण्याआधी थांबा

दोन्हीकडची मोठी माणसं बसतात आणि शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतात: "आम्ही आपसांत राजीखुशीने वेगळे राहत आहोत, मला काही नको." वाद मिटला असं सगळ्यांना वाटतं. पण तलाक न होता अशी सही केली तर हाच कागद उद्या अडचणीचा ठरतो. पोटगीच्या कायद्यात अट आहे की नवरा-बायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी मागता येत नाही. मारहाण, खर्च न देणं, घरातून काढणं ही खरी कारणं असतील तर तीच लिहिली गेली पाहिजेत.

खुला घेताना बऱ्याचदा बाई मेहेर सोडते. तो तिचा निर्णय आहे. पण मुलांचा खर्च ही तिने सोडायची गोष्टच नाही. तो मुलांचा हक्क आहे. खुलानाम्यात "मुलांचा खर्च आई करेल" असं वाक्य घुसवलेलं असेल तर सही करू नका. सही होऊन गेली असेल तरी घाबरू नका. मुलांच्या नावाने मागणी करता येते, फक्त कोर्टात जास्त भांडावं लागतं.

मेहेर, इद्दत आणि नफका

मेहेर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे. मुअज्जल, म्हणजे मागताक्षणी द्यायचं, आणि मुवज्जल, म्हणजे पुढे, तलाक किंवा मृत्यूनंतर द्यायचं, असे त्याचे दोन भाग असतात. ते वसूल करायला दावा लावायचा तर मुदत 3 वर्षांची आहे. मुवज्जल मेहेरची मुदत तलाकपासून मोजतात. "देतो, देतो" म्हणत 3 वर्षं निघून गेली की हातातलं हत्यार जातं.

1986 च्या मुस्लिम महिला (तलाकनंतरचे हक्कसंरक्षण) कायद्यानुसार तलाकशुदा बाईला चार गोष्टी मागता येतात: इद्दतच्या काळातच पुढच्या आयुष्यासाठीची वाजवी तरतूद व खर्च, मूल लहान असेल तर जन्मापासून 2 वर्षांपर्यंत त्याचा खर्च, मेहेर, आणि लग्नात व नंतर तिला मिळालेल्या सगळ्या वस्तू. अनेकांना वाटतं की नवऱ्याची जबाबदारी तीन महिन्यांच्या खर्चापुरती. तसं नाही. डॅनियल लतीफी खटल्यात 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की रक्कम इद्दतच्या आत द्यायची, पण ती पुढच्या आयुष्याचा विचार करून ठरवायची. कुरआनातही तलाकशुदा बाईला रीतीप्रमाणे काहीतरी देऊन पाठवण्याचा हुकूम सूरह बकराच्या 241 व्या आयतीत आहे, आणि मुलाच्या आईच्या जेवण-कपड्याची जबाबदारी 233 व्या आयतीत बापावर टाकली आहे. म्हणजे हक्क मागणारी बाई दीनच्या विरोधात जात नाही.

पोटगी: कोणत्या कायद्याने, कोणत्या कोर्टात

पोटगीचं जुनं कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालं आहे. नवा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू आहे. 1985 च्या शाहबानो निकालापासून या कलमावर वाद होता. 10 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद अब्दुल समद खटल्यात निकाल दिला की तलाकशुदा मुस्लिम बाईही या कलमाखाली पोटगी मागू शकते. 1986 च्या कायद्याचा मार्ग त्याशिवाय खुला आहेच. तलाक न झालेली, नुसती वेगळी राहणारी बायको तर मागू शकतेच.

काही कामाच्या गोष्टी:

- अर्ज नवऱ्याच्या गावात करायची सक्ती नाही. सासर फलटणला आणि माहेर तासगावला असेल तर तुम्ही राहता तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे, नसेल तिथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.
- अर्जासोबतच अंतरिम पोटगी मागा. नोटीस लागल्यापासून 60 दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, पण मागितलीच नाही तर मिळणारच नाही.
- 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची, हेही त्याच निकालात आहे. म्हणून अर्ज लांबवू नका.
- मुलांची पोटगी वेगळी मागा. नूर सबा खातून खटल्यात 1997 साली ठरलं की 1986 च्या कायद्यातली 2 वर्षांची मर्यादा मुलांच्या या हक्काला लागू नाही. मुलगा सज्ञान होईपर्यंत आणि मुलीचं लग्न होईपर्यंत बापाची जबाबदारी राहते.
- हुकूम होऊनही पैसे येत नसतील तर थकबाकीसाठी एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा. वर्ष उलटलेली रक्कम या मार्गाने वसूल होत नाही. रक्कम बँक खात्यातच घ्या. हातात घेतली तर हिशेब राहत नाही.

मारहाण, धमकी किंवा घरातून काढणं झालं असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहायची सोय, खर्च आणि संरक्षण एकाच अर्जात मागता येतं. त्यासाठी संरक्षण अधिकारी मदत करतात. एका दमात तीन तलाक दिला असेल तर तो 2019 च्या कायद्याने रद्द आहे, म्हणजे निकाह कायम आहे. त्या कायद्यातही बाईला स्वतःसाठी आणि मुलांसाठी निर्वाह भत्ता आणि लहान मुलांचा ताबा मागायची सोय आहे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. महिलेला उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळतो. साताऱ्यात आणि सांगलीत जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुका कोर्टातही समिती असते. कायदेविषयक मदतीचा फोन 15100, महिलांसाठी मदतीचा फोन 181. आणखी एक सोय: 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे. सातारा, सांगलीची प्रकरणं तिथे जातात, मुंबईच्या फेऱ्या वाचतात.

रेशनकार्ड: सगळ्या योजनांचं दार

सासरच्या कार्डातून नाव कमी करून तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत वेगळं कार्ड मागा. माहेरच्या कार्डात नाव घालणं सोपं वाटतं, पण मग अब्बा-भावाचं उत्पन्न तुमच्या घरचं उत्पन्न म्हणून धरलं जाऊ शकतं. चूल वेगळी असेल तर कार्डही वेगळं असू द्या. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ₹44,000 आणि शहरात ₹59,000 आहे. या कायद्यात कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सज्ञान बाईचंच नाव लागतं. दवाखान्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही कार्ड उपयोगी पडतं.

मिरज, जत, कवठेमहांकाळकडच्या घरांसाठी एक खास सूचना. आपल्याकडे विजयपूर, अथणी, बेळगावकडे सोयरिकी होतात. माहेर कर्नाटकात असेल आणि तुम्ही तिकडे राहायला जाणार असाल तर महाराष्ट्रातल्या योजना सुटतात. उलट अथणीहून मिरजेला माहेरी आलेल्या बाईला इथला जुना रहिवास दाखवावा लागतो. कार्ड हलवण्याआधी पुढची दोन-तीन वर्षं कुठे राहणार, हे घरच्यांशी बसून ठरवा.

सरकारी मदत: कुठली आणि किती

*संजय गांधी निराधार अनुदान योजना.* तलाकशुदा, तलाकची प्रक्रिया सुरू असलेली आणि टाकलेली, अशा तिन्ही प्रकारच्या महिला यात बसतात. पोटगी मिळत नसेल किंवा उत्पन्न मर्यादेपेक्षा कमी मिळत असेल तरी अर्ज करता येतो. महिन्याला ₹1,500. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ₹21,000 पर्यंत, वय 65 च्या आत आणि महाराष्ट्रात 15 वर्षं रहिवास हवा. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात.

*लाडकी बहीण.* 2024 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत विवाहित, विधवा, तलाकशुदा, परित्यक्ता महिला धरल्या आहेत. वय 21 ते 65, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. दुसऱ्या सरकारी योजनेतून ₹1,500 मिळत असतील तर ही मिळत नाही, म्हणजे निराधार आणि लाडकी बहीण दोन्ही पूर्ण मिळतील असं धरून खर्च आखू नका. तुमचं नाव आधीपासून यादीत असेल आणि आता तलाक झाला असेल तर अंगणवाडी सेविकेला सांगून नोंद दुरुस्त करून घ्या.

*बालसंगोपन योजना.* ही फार कमी घरांना माहीत असते. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाच्या या योजनेत एकच पालक असलेल्या मुलांना, घटस्फोट किंवा विभक्त झालेल्या घरातल्या मुलांनाही, 18 वर्षांपर्यंत महिन्याला ₹2,250 मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात. प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जातं. मुलं वडिलांकडे असतील तर ते वडीलही एकटे पालक म्हणून अर्ज करू शकतात.

*मिशन वात्सल्यची प्रायोजकत्व मदत.* आई तलाकशुदा, विधवा किंवा टाकलेली असेल तर मुलामागे महिन्याला ₹4,000 ची ही तरतूद आहे. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ₹72,000, इतर ठिकाणी ₹96,000. कार्यालय तेच. आपल्या मुलाला बालसंगोपन की ही मदत, कोणती बसते, ते तिथेच विचारा.

*शाळा.* आरटीईच्या 25 टक्के जागांसाठी आई एकटी पालक म्हणून अर्ज करू शकते. तलाकचा किंवा कोर्टात प्रकरण सुरू असल्याचा कागद लागतो. मुलगी कॉलेजात असेल आणि ओबीसी दाखला असेल तर 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत पात्र मुलींची फी राज्य सरकार भरतं. उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आहे. म्हणूनच वर सासरच्या दाखल्याची आठवण केली.

तलाकचा पुरावा काय द्यायचा, हा प्रश्न प्रत्येक खिडकीवर येतो. कोर्टाचा हुकूम असेल तर उत्तम. नसेल तर तलाकनामा किंवा खुलानामा, जमातीचं पत्र, स्वतःचं प्रतिज्ञापत्र आणि तलाठी किंवा ग्रामसेवकाचा दाखला असा संच तयार ठेवा. तोंडी "नाही चालत" म्हणाले तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि नकाराचं कारण लेखी मागा.

महिन्याचा हिशेब

समजा शिलाई आणि घरकामातून महिन्याला ₹8,000 येतात, दोन मुलं आहेत आणि खोलीभाडं ₹2,500. वहीत दोन रकाने करा. एका बाजूला हमखास येणारे पैसे, दुसऱ्या बाजूला येतील-न येतील असे: पोटगी, योजनेचे पैसे, भावाची मदत. भाडं, धान्य, वीज, गॅस, शाळा हे सगळं हमखास पैशांत बसवायचं. दुसऱ्या रकान्यातून आलेले पैसे आधी थकबाकीला आणि मग गाठीला. योजनेचे हप्ते कधी दोन-तीन महिने एकदम येतात. त्या दिवशी घरात पैसा दिसतो आणि खर्च वाढतो. तेवढा एक दिवस सांभाळा.

कर्ज कुणाचं, हप्ता कुणाचा

आपल्या भागात मायक्रोफायनान्सचं कर्ज बहुतेक बाईच्या नावावर असतं, पैसा मात्र नवऱ्याच्या गाडीत किंवा धंद्यात गेलेला असतो. कागदावर सही तुमची, म्हणून देणं तुमचंच धरलं जातं. लपू नका, फोन बंद करू नका. शाखेत जाऊन परिस्थिती लेखी सांगा आणि हप्ता लहान करून मागा. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असं मायक्रोफायनान्स कर्ज देता येत नाही, आणि सकाळी 9 च्या आधी व संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी त्रास देता येत नाही. कर्जाची रक्कम नवऱ्याने वापरली याचा पुरावा असेल तर तो पोटगीच्या प्रकरणात वकिलाला दाखवा. एक कर्ज फेडायला दुसरं घेऊ नका, आणि आता कुणाच्याही कर्जाला जामीन राहू नका.

गाठ बांधायला बचत गट चांगला. माण तालुक्यातल्या म्हसवडमध्ये 1997 पासून चालणारी माणदेशी महिला सहकारी बँक ही आपल्याच जिल्ह्यातल्या अशिक्षित म्हटल्या जाणाऱ्या बायकांनी उभी केली. आठवड्याला पन्नास रुपये बाजूला पडले तरी वर्षाला अडीच हजारांवर जातात. विमा, पीएफ, बँक या सगळ्या ठिकाणी वारस म्हणून नवऱ्याचं नाव असेल तर ते बदलून घ्यायला विसरू नका.

जमातीने काय करावं

ज्या बाईकडे मुलांना पुरेल एवढं नाही ती जकातीची हकदार आहे. पण रमजानमध्ये रांगेत उभं करून दिलेलं धान्याचं पोतं आणि जूनमध्ये शांतपणे भरलेली शाळेची फी, यात फरक आहे. जमातीने तीन कामं केली तरी खूप होईल: तलाक-खुल्याची नोंद आणि दाखला वेळेत द्यावा, स्टॅम्पवर सह्या घेण्याआधी मुलांच्या खर्चाचा आकडा लिहायला लावावा, आणि तहसीलला किंवा सेतूत जाताना सोबत एक जाणतं माणूस द्यावं. बाई एकटी गेली की तिला उद्या या म्हणतात, सोबत कुणी असलं की अर्ज घेतात, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

थोडक्यात क्रम

आधी कागद आणि मोबाईल नंबर. मग स्वतःचं खातं. त्याच आठवड्यात विधी सेवा प्राधिकरणात जाऊन वकील आणि अंतरिम पोटगीचा अर्ज. पहिल्या महिन्यात रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला. दुसऱ्या महिन्यात बालसंगोपन आणि निराधार योजनेचे अर्ज. मेहेरची 3 वर्षं आणि थकीत पोटगीचं 1 वर्ष या दोन मुदती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

घर मोडलं म्हणून मुलांचा हक्क मोडत नाही. तो मागायला उशीर मात्र करू नका. अल्लाह सगळ्या भगिनींसाठी वाट सोपी करो.